सहा महिन्यांची सुई येईल तेव्हा येईल, हातातला पंप तरी नीट ओढूया

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दम्यावरच्या, सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या नव्या इंजेक्शनची बातमी आपल्या अंकात आली, त्या दिवसापासून माझ्या दुकानात एकच प्रश्न सुरू आहे : "काय वो, ती सा म्हैन्याची सुई आल्या काय?" खानापुरात माझं औषधाचं दुकान आहे. जांबोटी, कणकुंबी, नंदगड, लोंढा या बाजूची माणसं बाजाराला किंवा तहसीलच्या कामाला आली की औषधं घेऊन जातात. त्यातल्या कित्येकांनी तुमच्या बातमीचं कात्रण घडी घालून आणलं. एकानं तर गोव्यात कामाला असलेल्या पोराला फोन लावून, पणजीला ती सुई मिळते का बघ, असं माझ्यासमोरच सांगितलं. बातमी खरी होती. पण ती वाचून 'आता पंप सुटणार' असं माणसांनी जे ताडलं ते खरं नव्हतं, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या औषधाचं नाव डेपेमोकिमॅब. काही दमेकऱ्यांच्या रक्तात आणि श्वासनलिकांत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि नळ्यांना आतून सूज आणतात. या पेशींना खतपाणी घालणारा शरीरातला घटक म्हणजे इंटरल्युकिन-५. त्याला अडवायची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालेलं मेपोलिझुमॅब हेच काम करतं, ते दर चार आठवड्यांनी घ्यावं लागतं. २०१७ सालचं बेनरालिझुमॅब थेट त्या पेशींनाच संपवतं, ते पहिल्या तीन डोसांनंतर आठ आठवड्यांनी एकदा. डेपेमोकिमॅब शरीरात जास्त काळ टिकतं, म्हणून वर्षाला दोनच सुया. २०२४ च्या सप्टेंबरात त्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध झाले. दोन्ही मिळून पाहिलं तर औषध नसलेली सुई घेणाऱ्यांपेक्षा ही सुई घेणाऱ्यांना दम्याचे मोठे अटॅक वर्षभरात ५४ टक्क्यांनी कमी आले. मोठी गोष्ट आहे, त्यात वाद नाही.

बातमीत राहून गेलं ते असं. त्या चाचण्यांतला प्रत्येक रुग्ण आधीपासून सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा पंप, म्हणजे इनहेलर, ओढत होता, तोही चांगल्या मात्रेत, आणि जोडीला आणखी एक औषध घेत होता. एवढं करूनही ज्यांना अटॅक येत राहिले, अशांनाच निवडलं होतं. सुई सुरू झाल्यावर त्यांचा पंप बंद केला नाही. नवी सुई पंपाच्या जोडीला आहे, पंपाच्या जागी नाही. आणि माझ्या गिऱ्हाइकांना ती हवी आहे ती नेमकी पंपातून सुटका व्हावी म्हणून.

असली सुई लागेल असा दमा किती जणांना असतो? नेदरलँड्समध्ये झालेल्या एका पाहणीत सगळी औषधं नीट घेऊनही न आवरणारा दमा प्रौढ दमेकऱ्यांपैकी साधारण ३.७ टक्के लोकांना निघाला. म्हणजे शंभरात चार. बाकीच्यांत ज्यांचा दमा आवरत नव्हता त्यांची कारणं साधी होती : पंप चुकीचा ओढणं, मधेच सोडणं. ही कारणं मला रोज काउंटरवर दिसतात.

गेल्या सुगीतली गोष्ट. भात मळणीचे दिवस, हवेत सगळीकडं तूस. जांबोटीकडची एक मावशी आली, बोलताना मधेमधे थांबत होती. "दोन म्हैने झाले, रोज दोन गोळ्या गिळत्या बघा, कायबी फरक नाही." पिशवीतून तिनं बाटली काढली. आत पावडरच्या कॅप्सूल, रोटाहेलरमध्ये घालून ओढायच्या. त्या ती चहाबरोबर गिळत होती. यंत्र कुठं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "ते प्लास्टिकचं व्हय? नातू खेळतोय की त्येच्यात." मी दुकानातलं रिकामं रोटाहेलर काढलं, कॅप्सूल कशी बसवायची, पिळल्यावर ती कशी उघडते, आणि जोरात ओढलं की आत खडखड असा आवाज आलाच पाहिजे, हे दाखवलं. तिनं ओढलं. आवाज नाही. पुन्हा. तिसऱ्या वेळी खडखड झाली आणि ती दचकून हसली. मग चूळ भरून थुंकायला लावलं, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. तिच्या कागदावरचं औषध योग्यच होतं. ज्यांनी लिहिलं त्यांना दाखवायला वेळ नव्हता, आणि बाटलीवर जे छापलं होतं ते तिला वाचता येत नव्हतं.

माझ्या दुकानात दम्याचं सगळ्यात जास्त खपणारं औषध म्हणजे निळा पंप, साल्बुटामॉलचा. ओढला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते, म्हणून लोकांचा जीव त्याच्यावर. त्याच्याखालोखाल थिओफायलिनच्या गोळ्या. स्टेरॉइडचा पंप सगळ्यात मागं, आणि जो नेतो तोही महिन्याभरात थांबतो. "आता बरं वाटतंय, कशाला सवय लावून घ्या?" लग्नाच्या मुलीच्या आईनं तर मला पंपाच्या खोक्यावरचं नाव खरवडून द्यायला सांगितलं होतं, बघायला येणाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून.

आता या निळ्या पंपाबद्दल संशोधन काय सांगतं ते बघा. जागतिक पातळीवर दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणारी 'जिना' नावाची संस्था आहे, १९९३ सालापासूनची. तिनं २०१९ साली स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या निळ्या पंपावर राहू नये. वर्षाला तीन किंवा त्याहून जास्त डबे संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. बारा किंवा त्याहून जास्त संपत असतील तर दम्यानं मरण्याचा धोका वाढतो. एका डब्यात दोनशे फवारे असतात. हा आकडा वाचल्यावर मी माझी बिलं चाळली. महिन्याला एक डबा नेणारी माणसं माझ्याकडं आहेत, वर्षानुवर्षं, आणि ती स्वतःला 'कंट्रोलमध्ये' समजतात.

कारणही आता जास्त नीट कळायला लागलंय. निळा पंप नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो, आतली सूज तशीच ठेवतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या संशोधकांनी २०२४ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखवली. अटॅकमध्ये नळी आवळली की आतल्या अस्तराच्या पेशी दाटीवाटीनं चेंगरतात आणि ढिगानं बाहेर फेकल्या जातात. अस्तर उघडं पडतं, सूज वाढते, पुढच्या अटॅकला वाट मोकळी. साल्बुटामॉलनं नळी उघडली, पण ही पडझड थांबली नाही. गॅडोलिनियम नावाच्या पदार्थानं ती उंदरांत थांबली, मात्र तो माणसाला देण्याजोगा नाही. त्या वाटेनं एखादं औषध आलं तर ती खरी नवी गोष्ट ठरेल. त्याला वेळ आहे. तोवर अटॅक येऊच न देणं हाच मार्ग उरतो.

आणि त्यासाठीचं संशोधन होऊन बसलेलं आहे, माझ्या फडताळात धूळ खात. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप. फॉर्मोटेरॉल साल्बुटामॉलइतक्याच लवकर छाती मोकळी करतं, आणि त्याच फवाऱ्यातून थोडं स्टेरॉइड सुजेवर जातं. न्यूझीलंडच्या पुढाकारानं झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य दम्याच्या मोठ्या माणसांनी गरज पडेल तेव्हा निळ्याऐवजी हा पंप ओढला, तर त्यांचे अटॅक जवळपास निम्म्यावर आले. २०२५ साली तिथंच ५ ते १५ वर्षांच्या ३६० मुलांवर असाच प्रयोग झाला आणि मुलांतही अटॅक ४५ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेत तर साल्बुटामॉल आणि बुडेसोनाइड एकाच डब्यात घालून २०२३ च्या जानेवारीत मंजूर केलं. दिशा सगळीकडं एकच आहे : आराम देणारं औषध आणि सूज उतरवणारं औषध एकमेकांपासून तोडायचं नाही. आपल्याकडं हा पंप मिळतो, महागही म्हणावा असा नाही, पण "मोठ्या दम्याचा पंप" अशी त्याची बदनामी झालेली आहे. तुमच्या बातमीत त्याच्यावर एक ओळ असती तर माझं निम्मं काम झालं असतं.

अटॅक आलेल्या माणसाचं आमच्याकडं काय होतं तेही सांगतो. वाफ दिली, सुई मारली, अर्ध्या तासानं रिक्षात बसवून घरी. सोबत पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या. इथंही पन्नास वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हललंय. ऑक्सफर्ड आणि किंग्ज कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२४ च्या नोव्हेंबरात १५८ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. इओसिनोफिल वाढलेल्या दमेकऱ्यांना आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या लोकांना अटॅकच्या वेळीच बेनरालिझुमॅबची एक सुई दिली. तीन महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या गोळ्या घेतलेल्यांत ७४ टक्के लोकांचा उपचार फसला होता, सुई घेतलेल्यांत ४५ टक्के. लहान प्रयोग आहे, मोठ्यात टिकायला हवा. पण त्यात मला महत्त्वाची वाटली ती आधीची पायरी : अटॅक आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासून इओसिनोफिल किती ते बघितलं. ही तपासणी म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे, रक्तातल्या पेशी मोजणारी साधी सीबीसी. खानापुरातही होते. तरी दमेकऱ्याच्या फाइलीत ती क्वचितच दिसते.

इथं एक आपल्या मुलखातली अडचण आहे, ती लंडनच्या डॉक्टरांना फारशी येत नसावी. आपल्याकडं जंतांनीही इओसिनोफिल वाढतात. हत्तीरोगाच्या जंतूंमुळंही वाढतात, आणि त्यातला खोकला, रात्रीची धाप थेट दम्यासारखी असते. तिचा इलाज वेगळाच आहे. उलट स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या की या पेशी रक्तातून गायब होतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. कुणाच्या सांगण्यावरून अधूनमधून पुडी घेणारे खूप आहेत. पुडीत काय असतं ते देणारा सांगत नाही, पण अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडल्याच्या नोंदी आपल्या देशात झालेल्या आहेत. मृगाला हैदराबादला जाऊन दम्यासाठी औषध भरलेला मासा गिळून येणारेही आमच्याकडं आहेत. त्यांना मी अडवत नाही, फक्त पंप पिशवीत ठेवा म्हणतो.

आणखी एक, कारण हे मला वारंवार फॉरवर्ड होऊन येतं. गोठ्यामुळं दमा होत नाही म्हणे. मूळ अभ्यास २०१६ चा, अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांचा. वंश जवळचा, राहणी बरीचशी सारखी. आमिशांचा गोठा घराला लागून, घोडे जुंपून शेती, हटराइटांची यंत्रांची शेती घरापासून लांब. आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१. गोठ्याच्या धुळीतले जंतू लहानपणीच शरीराला सहनशील बनवतात, असं त्यातून दिसतं. ज्याला दमा झालेला आहे त्यानं मळणीच्या धुळीत उभं राहावं, असा त्याचा अर्थ होत नाही. काँग्रेस गवत, ऊस तोडणीआधी पेटवलेला पाला, वीटभट्टीचा धूर, पावसाळ्यात चार महिने भिंतींवर बसणारी बुरशी, निपाणीत वखारीतली तंबाखूची धूळ, वडगावच्या मागांवरचा तंतू, हे सगळं त्याच्या छातीवर यायचंच.

आता पैशाचं. या सुया पाच आकडी खर्चाच्या आहेत, आणि थांबवल्या की दमा पुन्हा उचल खाऊ शकतो. या घराण्यातलं सगळ्यात जुनं औषध ओमालिझुमॅब, २००३ सालचं. त्याच्या पहिल्या नकलेला, म्हणजे बायोसिमिलरला, युरोपात २०२४ साली परवानगी मिळाली. तसं बाकीच्यांचं होत जाईल तेव्हा भाव उतरतील. ज्यांचे इओसिनोफिल वाढलेले नाहीत त्यांच्यासाठीही २०२१ मध्ये टेझेपेलुमॅब आलंय. ज्याला खरंच लागतं त्यानं बेळगावात छातीच्या तज्ज्ञाला जरूर दाखवावं. माझं म्हणणं बाकीच्या शहाण्णवांबद्दल आहे.

सीमाभागात आरोग्याच्या कार्डावरून काय काय झालं ते आपण छापलंच आहे. महाराष्ट्रानं ८६५ गावांना आपली योजना देऊ केली, कर्नाटकानं हरकत घेतली, दोन्हीकडून भाषणं झाली. पण दोन्ही राज्यांच्या योजना मुळात दवाखान्यात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. माणूस काळानिळा होऊन आयसीयूत गेला तर बिल भरतील, त्यानं तिथं जाऊ नये म्हणून लागणारा पंप तो खिशातूनच घेणार. दमा हा आता केंद्राच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात आहे, बीपी-शुगरच्या रांगेत. मग बीपीची गोळी जशी प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्याला मिळते, तसा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप मिळायला काय हरकत आहे? आणि तो कसा ओढायचा याचा चित्रांचा कागद कानडीत आणि मराठीत, दोन्हीत हवा. यात राजकारण नाही. मावशीला वाचता येईल ती लिपी हवी.

लहान मुलांच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला पोकळ नळा, लागतो, तो लोक महाग म्हणून घेत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत १९९९ सालीच दाखवून झालंय की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून ते घट्ट बसवलं, तर मुलाच्या अटॅकमध्ये ती बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते. हे संशोधनच आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. मी दुकानात दोन बाटल्या तयार करून ठेवल्यात, बघायला कधीही या.

फिनलंडचं उदाहरण देऊन थांबतो. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं त्यांनी दम्याची मोहीम चालवली. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या घरात, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या बेळगाव जिल्ह्याएवढीच. नवं औषध शोधलं नाही. स्टेरॉइडचा पंप लवकर सुरू केला, तो ओढायला शिकवलं, आणि डॉक्टर-नर्सबरोबर शेकडो औषध दुकानदारांना त्यात घेतलं. दम्यामुळं दवाखान्यात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून जास्त घटले. हवामान वेगळं, पैसा वेगळा, मान्य. पण दुकानदारानं बिल करताना "हा यंदाचा कितवा निळा डबा?" एवढं विचारायला फिनलंडचा पैसा लागत नाही.

तालुक्यातल्या औषध विक्रेत्यांच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय ठेवणार आहे : वर्षात तिसरा निळा डबा नेणाऱ्याच्या बिलावर शिक्का, "डॉक्टरांना स्टेरॉइडच्या पंपाबद्दल विचारा", मराठीत आणि कानडीत. शिक्क्याचा खर्च आम्ही करू. आपण पुढच्या वेळी नव्या सुईची बातमी द्याल तेव्हा शेवटी एवढी ओळ घालावी : ही सुई पंप नीट ओढूनही दमा न आवरणाऱ्यांसाठी आहे, पंप बंद करू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक औषध विक्रेता, खानापूर (जि. बेळगाव)